महाबळेश्वरच्या बाजारपेठेत दगडफूल?

प्रश्न : महाबळेश्वरच्या जंगलात कातळावरच्या करड्या, पसरट दगडफुलाचे (म्हणजे शैवाकाचे, लायकेनचे) फोटो काढले. ओळखीच्या एकांनी 'पार्मोट्रेमा टिंक्टोरम' असावं असं सांगितलं. ऑनलाइन नकाशावर या जातीची जुनी हर्बेरियम नोंद (वाळवून जपलेल्या नमुन्याची) शोधली, तर टिंब भर बाजारपेठेत! नोंद चुकीची आहे का? माझे फोटो नोंद म्हणून चालतील? – एक वाचक, सातारा

उत्तर : नोंदीला दोष देऊ नका, टिंब आगाऊ आहे. जीपीएसच्या आधीच्या नमुन्यांच्या लेबलांवर पुष्कळदा 'महाबळेश्वर' एवढंच असतं, फार तर एखाद्या पॉइंटचं नाव. संगणकावर चढवताना अक्षांश-रेखांश लागतात, मग गावाचा मध्य धरला जातो. नोंदीत अनिश्चितता किती मीटर याचा रकाना असतो. तिथे पाच-दहा हजार दिसले, किंवा तो कोराच असला, तर टिंब विसरा आणि लेबल वाचा.

लेबलात मी आधी बघते ते 'कशावर'. ही जात सालीवरही वाढते, दगडावरही. मसाल्याच्या दुकानातही ती मिळते, पण तिथे ती कुठून खरवडली हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. आणि नुसतं 'दगडावर' लिहून माझं समाधान होत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा, त्याखाली बेसॉल्ट. जांभा सच्छिद्र, बेसॉल्ट घट्ट. दगड कोणता, उघड्या सड्यावरचा की पिसा-जांभळाच्या झाडांच्या सावलीतला, हे ज्यानं लिहिलं त्याचं नमुन्याचं पाकीट पन्नास वर्षांनीही कामाला येतं.

फोटोवरून मात्र ही जात पक्की करू नका. खालची बाजू मध्यभागी काळी, कडेला तपकिरी आणि तंतूंविना आहे का, हे वरून कसं दिसणार? शिवाय आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा थेंब टाकला की तो लाल व्हायला हवा. त्यासाठी नमुना लागतो, आणि वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे छिन्नी-हातोडी काढायची नाही. आधी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत रीतसर विचारून तिथल्या संग्रहातली पाकिटं बघता येतात का ते पाहा. शैवाकं फुलझाडांसारखी दाबून कागदावर चिकटवत नाहीत. हवेवर वाळवून घडीच्या पाकिटात ठेवतात, दगडाला घट्ट चिकटलेली असली तर कपचीसकट.

फोटो टाकून देऊ नका. पुढच्या वेळी शेजारी मोजपट्टी ठेवा, जीपीएस आणि दगड लिहून घ्या, म्हणजे तेच शैवाक पुढच्या वर्षी मोजता येईल.