वाचकांचे प्रश्न : तारे लांबट का येतात?

प्रश्न : माझ्याकडे ८० मिमी व्यासाची, ४८० मिमी फोकल लेंथची रिफ्रॅक्टर दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा स्टँड) आणि डीएसएलआर आहे. ३० सेकंदांच्या फोटोत तारे जवळपास गोल येतात. १२० सेकंदांना मात्र काही फ्रेम चांगल्या आणि बऱ्याच लांबट. मोठी दुर्बीण घेतली तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण उलटा. फोकल लेंथ वाढली की माउंटची प्रत्येक चूक सेन्सरवर मोठी होऊन उमटते. दुर्बीण आहे तीच ठेवा. गडबड माउंटमध्ये दिसते.

आधी हिशोब करून पाहा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा धरला, तर एका पिक्सेलमध्ये साधारण १.८५ विकला मावतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे, ५ कलांनी (कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग) चुकले असेल, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १.३ विकला सरकतो. म्हणजे दोन मिनिटांत दीड पिक्सेलसुद्धा नाही. शिवाय त्या चुकीमुळे लागोपाठच्या सगळ्या फ्रेम सारख्याच बिघडल्या असत्या. तुमच्याकडे काही चांगल्या, काही वाईट येतात. ही पिरिऑडिक एररची खूण. माउंटमधला वर्म गिअर (दुर्बीण फिरवणारा मळसूत्री गिअर) अगदी अचूक नसतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फेऱ्यात दुर्बीण किंचित पुढे-मागे होते. समजा हा झोका एकूण ३० विकलांचा आणि फेरा ८ मिनिटांचा आहे. झोक्याच्या टोकाला दुर्बीण जवळजवळ स्थिर असते, तेव्हाची फ्रेम चांगली येते. मधल्या भागात दोन मिनिटांत २० विकला सरकतात, म्हणजे जवळपास ११ पिक्सेल.

खात्री करायची तर गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणे) बंद ठेवून २० सेकंदांचे एक्सपोजर लावा. पहिले १५ सेकंद हात लावू नका, शेवटचे ५ सेकंद हँड कंट्रोलरवर आरएचे (माउंट ज्या अक्षाभोवती ताऱ्यांमागे फिरते त्याचे) बटण सर्वांत कमी वेगावर दाबून धरा. प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटेल. तीच आरए अक्षाची दिशा. कॅमेरा न फिरवता घेतलेल्या लांबट फ्रेममधले तारे याच दिशेने ताणले असतील, तर दोष वर्म गिअरचा किंवा बॅलन्सचा. या दिशेला काटकोनात ताणले असतील, तर पोलर अलाइनमेंटकडे वळा.

उपाय ऑटोगायडिंगचा. तुमच्या दुर्बिणीला १२० ते २०० मिमी फोकल लेंथची लहान गाइडस्कोप (गाइड कॅमेरा लावायची जोडदुर्बीण) पुरते. गाइड कॅमेऱ्याचे एक्सपोजर २ ते ३ सेकंद ठेवा. अर्धा सेकंद ठेवलेत, तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत बसेल. कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यावर करा, ध्रुवाजवळ नको. बॅलन्स करताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूला टेकून राहतात. मेरिडियन फ्लिपनंतर (तारा मध्यमंडल ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला घेतल्यावर) प्रतिभार पुन्हा सरकवायला विसरू नका.

आणि गाइडस्कोप कशी बसवली आहे ते हाताने हलवून पाहा. प्लॅस्टिकच्या टोकाचे तीन स्क्रू असलेल्या रिंगमध्ये ती हळूहळू झुकते. अशा वेळी गायडिंगचा आलेख सुरेख सपाट दिसतो आणि तारे तरीही लांबट येतात! सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रात्री घालवण्याआधी तो स्क्रू तपासलेला बरा.

प्रश्न : फोटोच्या मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, पण कोपऱ्यातले पसरट येतात. फील्ड फ्लॅटनर (कडेचे तारेही नीट फोकसमध्ये आणणारे भिंग) लावला आहे.

उत्तर : फ्लॅटनर लावणे पुरेसे नाही, तो सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर हवा. बहुतेकांचे हे अंतर ५५ मिमी असते. कॅननच्या ईएफ माउंटच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर ४४ मिमी आत असतो आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ मिमीची, म्हणून हिशोब आपोआप जुळतो. कूल्ड कॅमेऱ्यात (सेन्सर थंड ठेवणाऱ्या खगोल कॅमेऱ्यात) सेन्सर १७.५ मिमी आत असेल, तर उरलेले ३७.५ मिमी स्पेसरने भरावे लागतात. मध्ये फिल्टर असेल, तर त्याच्या जाडीच्या एक तृतीयांश इतके अंतर वाढवायचे. २ मिमीच्या काचेला सुमारे ०.७ मिमी. त्यापुढे अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या घालून पाहण्याला पर्याय नाही.

एकच कोपरा बिघडत असेल, तर प्रश्न अंतराचा नाही, तिरपेपणाचा आहे. कॅमेरा १८० अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्या. फोटोतला तोच कोपरा वाईट राहिला, तर सेन्सर तिरपा आहे. समोरचा कोपरा बिघडला, तर फोकसर किंवा नळीचा जोड सैल आहे.

प्रश्न : ड्युअल बँड फिल्टर लावून देवयानी दीर्घिका जास्त चांगली येईल का?

उत्तर : नाही. हा फिल्टर हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजन-३ (५००.७ नॅनोमीटर) यांच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो. उत्सर्जन तेजोमेघांना तो उत्तम, पण दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. तोच तुम्ही अडवाल.

प्रश्न : फ्लॅट फ्रेम (धूळ आणि कडेचा अंधार काढण्यासाठी एकसारख्या प्रकाशाचे घेतलेले फोटो) वापरूनही धुळीचे गोल डाग जात नाहीत, उलट दोन-दोन दिसतात.

उत्तर : दोन-दोन दिसतात याचा अर्थ लाइट (आकाशाचे मूळ फोटो) आणि फ्लॅट यांच्यामध्ये कॅमेरा फिरला किंवा धूळ सरकली. फ्लॅट त्याच सत्रात, कॅमेरा न काढता, फोकस न हलवता घ्या. नळीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून बसवा, वर एलईडी पॅनेल ठेवा आणि हिस्टोग्रामची टेकडी मध्याच्या आसपास येईल असे एक्सपोजर निवडा. ते फार लहान झाले, तर एलईडीच्या लुकलुकीमुळे आडवे पट्टे येतात. पॅनेल मंद करा किंवा कापडाची घडी वाढवा आणि एक्सपोजर एक सेकंदाच्या पुढे न्या. अशा २५-३० फ्रेम पुरतात. त्याच एक्सपोजरच्या तितक्याच फ्रेम झाकण लावूनही घ्या, कारण त्या फ्लॅटमधून वजा केल्या नाहीत, तर डाग पूर्ण पुसले जात नाहीत, फिकट होऊन उरतात.