"आई कधी येणार?"

प्रिय,

आई वारल्याचं सांगून आठवडा झाला, तरी डाउन सिंड्रोम असलेले (म्हणजे जन्मापासूनच गोष्टी समजायला वेळ लागणारे) दादा रोज "आई कधी येणार?" विचारतात, असं तू लिहिलंस. तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं, ते आठव. "देवाघरी गेली", "शांत झोपली", असंच ना? झोपलेलं माणूस उठतं, गेलेलं माणूस परत येतं. मग दादा वाट पाहतात, यात त्यांचं काय चुकलं? असं ऐकून रात्री झोपायलाच घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत.

"आई मेली" असंच म्हण. जीभ जड होते, माझीही होते. मग सांग, तिचं शरीर बंद पडलं, श्वास थांबला. आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही. ती परत येणार नाही. एका वेळी एवढंच. आणि हेही सांग की दादा तिच्यावर रागावले होते म्हणून ती मेली नाही. हा अपराधभाव कित्येकजण मनात दडवून ठेवतात. पुन्हा विचारतील तेव्हा शब्द बदलू नकोस.

रडले नाहीत म्हणजे त्यांना कळलं नाही, असं मात्र धरून चालू नकोस. इथे मी स्वतः चुकले आहे. दादांसारख्याच एका गृहस्थांनी वडिलांच्या मृत्यूनंतर टिपूस गाळलं नाही. चार महिन्यांनी ते संध्याकाळी दाराशी बसून राहू लागले, उठवलं की मारायला धावायचे. आम्ही त्याला हट्ट म्हटलं. ती त्यांच्या वडिलांची घरी यायची वेळ होती, हे फार उशिरा ध्यानात आलं. दुःख असं महिन्यांनी वर येतं, खाण्यात, झोपेत, रागात दिसतं. म्हणून वागणं बदललं की आधी तारखा बघ.

दादांसारख्यांना मृत्यू समजावून सांगायचं हे काम आता वाढणारच आहे. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षं होतं. आज ते ६०च्या आसपास आहे. म्हणजे आईवडिलांच्या मागे राहणारे वाढले. आणि आई जाते तेव्हा बहुतेक वेळा घर, खोली, आपलं बोलणं नीट समजणारं एकमेव माणूस, सगळं एकदम जातं. दादांचंही तसंच झालंय. निदान खोलीतलं सामान हलवायची घाई करू देऊ नकोस.

तिचा चष्मा त्यांनी उशाशी ठेवलाय, असं लिहिलंस. तो तिथेच राहू दे. संध्याकाळी शेजारी बस, तो हातात घेऊन काही सांगू लागले तर ऐक.

तुझी,
ताई