कबड्डीचे फोटो स्पष्ट येतात, पण मनाला भिडत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दापोलीच्या आसपासच्या गावांत रात्री होणाऱ्या कबड्डीच्या सामन्यांचे फोटो तुम्ही काढता. पकड, झेप सगळं स्वच्छ येतं, तरी फोटोपाशी कुणी थांबत नाही. मीही रत्नागिरीकडे हेच काम करतो. माझा अंदाज असा की तुमचा कॅमेरा कायम मैदानाच्या आत असतो. कबड्डीत ज्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो ते बरेचदा मैदानाबाहेर बसलेले असतात.

हा खेळच तसा आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्याचा डाव संपला. कबड्डीत बाद झालेला गडी मागच्या रेषेबाहेर बसून राहतो आणि आपल्या संघाने गडी टिपला की ज्या क्रमाने हे बाद झाले त्याच क्रमाने एकेक जण परत आत येतो. त्यामुळे सगळ्यांत आधी बसलेला गडी प्रत्येक चढाईला अर्धा उठलेला दिसेल. नुकताच बाद होऊन आलेला मान खाली घालून बसतो, कारण त्याची पाळी लांब असते. त्यात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद. त्या तीस सेकंदांत बाहेर बसलेल्यांकडे बघा. एकाने मूठभर माती धरून ठेवलेली असते, एक जण ओठांतल्या ओठांत सेकंद मोजतो, एकाला बघवतच नाही म्हणून तो टॉवेलमध्ये तोंड खुपसतो. आत एकच गडी उरलाय, लोण चढायची, म्हणजे अख्खा संघ बाद व्हायची, वेळ आलीय, आणि बाहेर सहा जण ओळीने बसलेत, अशी फ्रेम मला कुठल्याही पकडीपेक्षा मोलाची वाटते.

आता बसायचं कुठे? बहुतेक जण मध्यरेषेच्या टोकाशी गर्दी करतात. तिथून झटापट दिसते, पण बाजूने. तुम्ही एका संघाच्या मागच्या रेषेच्या कोपऱ्यात बसा. त्या संघाचा गडी पलीकडे चढाईला गेला, पकडीत सापडला आणि मध्यरेषेला हात लावायला धडपडू लागला की त्याचं तोंड थेट तुमच्याकडे असतं. सत्तर-दोनशेची (७०-२०० मिमी, लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर डोळे मिळतात. आणि मान वळवलीत की त्याच्याच जिवावर आत येऊ पाहणारे सोबती हाताच्या अंतरावर! मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे जागा न सोडता दुसरा संघही मिळतो.

उजेडाची अडचण मला माहीत आहे. चार खांबांवरचे दिवे असतात, बस्स. इथे बसलेल्या माणसाचा फायदा होतो. झेपेसाठी शटर सेकंदाचा १/८०० आणि आयएसओ (हा जितका जास्त तितके फोटोत दाणे) ६४०० लागत असेल, तर बसलेल्या चेहऱ्याला १/२०० पुरतं आणि आयएसओ १६०० वर येतो. एलईडीखाली फोटोत पट्टे उमटत असतील तर शटर १/१०० करून बघा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, काच धुरकटते. अर्धा तास आधी बॅगेतच बाहेर ठेवा.

शिट्टी झाली की कॅमेरा खाली ठेवायचा नाही, हे मात्र मी ठासून सांगेन. २००५ ची एजबॅस्टन कसोटी आठवा. इंग्लंड ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन धावांनी जिंकलं, सगळे जल्लोषात, आणि इंग्लंडचा फ्लिंटॉफ खाली बसलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ब्रेट लीजवळ वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवतोय. ज्याची लेन्स फक्त जल्लोषावर होती त्याला ते मिळणं शक्यच नव्हतं. कबड्डीतलंच सांगायचं तर २०१८ ची जकार्ताची एशियाड स्पर्धा. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण जिंकलेला आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. त्या दिवसाची खरी गोष्ट गुणफलकापेक्षा आपल्या खेळाडूंच्या चेहऱ्यांवर होती. म्हणून सामना संपला की मी आधी हरलेल्यांकडे वळतो. जिंकलेले बराच वेळ नाचतात, त्यांचे फोटो नंतरही मिळतात. हरलेला मुलगा मात्र मिनिटभरात चपला शोधून अंधारात निघून जातो.

पण रडणाऱ्याच्या तोंडापाशी कॅमेरा नेऊ नका. लांबूनच काढा, आणि गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याला दाखवा. आपल्याकडे वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात. तो फोटो त्याच्या आईपर्यंत, शाळेपर्यंत पोचणारच. नको म्हणाला तर विषय संपला. मुलींच्या सामन्यात आणि दुखापतीच्या वेळी तर मी याबाबत फारच काटेकोर असतो.

कोपऱ्यात बसण्याआधी आयोजकांना आणि पंचांना विचारून घ्या, आणि रेषेपासून चांगलं हातभर मागे बसा. पकडीत कधी कधी दोन-तीन गडी एकदम बाहेर येऊन पडतात.