सीबी आणि टीएस-४४० 'फुल ओपन' करायचे? कात्री हातात घ्यायच्या आधी वाच

भाऊ, तुझे सेट दोन. मामांनी अमेरिकेतून आणलेला ४० चॅनेलचा एएम-एसएसबी (आवाज पाठवायच्या दोन पद्धती) सीबी, म्हणजे २७ मेगाहर्ट्झचा 'सिटिझन बँड' वॉकी-टॉकीसारखा सेट, अन् सेकंड हँड घेतलेला केनवुड टीएस-४४०एस, हा हॅम (हौशी रेडिओवाल्यां)चा सेट. दोन्ही 'फुल ओपन' करायचे, म्हणजे कंपनीने घातलेलं फ्रिक्वेन्सीचं कुलूप काढायचं, त्यासाठी आतला कोणता डायोड कापू, असं विचारलंस. शेवटी हळूच लिहिलंस की नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची विमानं ऐकायची आहेत अन् समृद्धीवर मित्राच्या गाडीशी बोलायचं आहे. उलटीकडून सुरू करतो.

विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालते, एएममध्ये. तुझे दोन्ही सेट ३० च्या वर जातच नाहीत, तिथपर्यंतचं सर्किटच आत नाही, डायोड काप की अख्खा बोर्ड काप. तो विषय संपला.

आता ४४०. ऐकायला तो मुळातच १०० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ उघडा आहे, कुलूप फक्त ट्रान्समिटला आहे. अन् ते कुलूपही १६० ते १० मीटरचे हॅम बँड सोडून बाकीच्या जागेला, १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळालेले ३०, १७, १२ मीटरचे बँडही मोकळेच आहेत. मग डायोड कापून तुला नवीन काय मिळते? जिथे बोलायची परवानगीच नाही ती जागा. अमेरिकेत लोक हे करतात कारण तिकडे 'मार्स' म्हणून लष्कराला जोडलेली हॅम लोकांची सेवा आहे, तिच्या फ्रिक्वेन्सी हॅम बँडच्या बाहेर असतात. आपल्याकडे तसं काही नाही, पण यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून इकडेही कात्री निघते. एकच अपवाद मला पटतो, तो म्हणजे जपानच्या घरगुती बाजारातले जुने सेट. तिकडे २००९ पर्यंत ४० मीटरचा बँड म्हणजे फक्त ७.० ते ७.१ मेगाहर्ट्झ होतं, आपल्याला ७.२ पर्यंत चालते, म्हणून तसा सेट हाती आला तर मॉडिफाय करण्यात अर्थ आहे. तुझा कोणता हे पाहायचं तर डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून ७.१५० वर पीटीटी (बोलायचं बटण) दाब. पॉवर निघाली तर काहीच कापू नको.

त्यापेक्षा ४४० चा माहीत असलेला आजार पाहा. डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके आले तर पीएलएल (फ्रिक्वेन्सी पक्की धरणारं सर्किट) लॉक होत नाहीये असं समज. व्हीसीओच्या (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) डब्यात कारखान्यात भरलेला चिकट गोंद जुना होऊन करंट पास करायला लागतो, तो खरवडून काढावा लागतो. वेळखाऊ काम आहे पण करण्यासारखं ते आहे.

सीबीचं मात्र नीट ऐक, गंमत तिथेच आहे. आपल्याकडे बिना लायसन्स सीबी म्हणजे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ५ वॅट, अन् अँटेना सेटमध्येच बसवलेला पाहिजे. अमेरिकन ४० चॅनेल २६.९६५ पासून २७.४०५ पर्यंत जातात. म्हणजे २७ नंबरचा चॅनेल (२७.२७५) आत, अन् २८ पासून पुढचे सगळे १३ बाहेर. सेट खोललाही नाही अन् तो आपल्या नियमापेक्षा आधीच जास्त 'ओपन' आहे! शिवाय टपावर व्हिप (उभा अँटेना) लावला की बिना लायसन्सची सूट गेलीच, म्हणून समृद्धीवाला प्लॅन असा जमत नाही. मित्राला हॅमची परीक्षा द्यायला लाव राजा, दोघांकडे लायसन्स असलं तर रस्ताभर बोला.

तुझ्याकडे व्हीयू३, म्हणजे हॅमचं लायसन्स, आहेच, तर या सीबीचा खरा उपयोग १० मीटर, म्हणजे २८.० ते २९.७. (लायसन्सच्या कागदावरचे बँड अन् पॉवर तेवढं एकदा पाहून घे.) झाकण उघडून पीएलएल चिपचा नंबर वाच. पीएलएल०२ए सारखी जुनी चिप असली तर नशीबवान आहेस, तिच्या ९ पिनवर बायनरी आकडा जातो अन् एक पायरी १० किलोहर्ट्झची, म्हणून ६४ वाली पिन वर-खाली केली की फ्रिक्वेन्सी सरळ ६४० किलोहर्ट्झ सरकते, आता वर सरकेल की खाली हे त्या सेटच्या मिक्सिंगवर (आत दोन फ्रिक्वेन्सी कशा मिसळतात त्यावर) आहे. नंतरच्या बऱ्याच चिपांमध्ये ४० चॅनेलचे आकडे आतच पक्के केलेले असतात, तिथे पिनांशी खेळून काही होत नाही, मिक्सिंगचा क्रिस्टल बदला नाहीतर त्याच्या जागी एसआय५३५१ चा छोटा मॉड्यूल द्या. मॉड्यूल स्वस्त पडतो पण स्क्वेअर वेव्ह देतो, पुढे फिल्टर लावलाच पाहिजे.

किती सरकवायचं? एएमवाले लोक बरोबर २ मेगाहर्ट्झ वर नेतात, २८.९६५ ते २९.४०५ मिळते. एसएसबीवर बोलायचं असेल तर १.३४० मेगाहर्ट्झ सरकव, पहिला चॅनेल २८.३०५ वर येतो. मध्ये पाच ठिकाणी चॅनेल उडी मारतात, २६.९९५ वगैरे खेळण्यांच्या रिमोटसाठी सोडलेल्या जागा, त्या उड्या वरही तशाच येतात, त्याला इलाज नाही.

पण आकडा बदलला म्हणजे रेडिओ १० मीटरवर आला असं होत नाही, निम्मे सेट इथेच बाद होतात. काही हलवायच्या आधी चॅनेल १ अन् ४० वर व्हीसीओचं कंट्रोल व्होल्टेज मोजून लिहून ठेव. वर नेल्यावर ते एका टोकाला चिकटलं तर लॉक सुटते, मग व्हीसीओची कॉइल थोडी फिरवावी लागते. ती प्लॅस्टिकच्या अलाइनमेंट टूलनेच फिरव, स्क्रूड्रायव्हरने त्या जुन्या स्लगचा (कॉइलच्या आतल्या गाभ्याचा) चुरा होतो अन् तसली कॉइल नागपूरच्या बर्डीत कोणी देणार नाही. त्यानंतर रिसीव्हचा फ्रंट एंड (अँटेनाजवळचा पहिला भाग) अन् ट्रान्समिटच्या सगळ्या ट्यून केलेल्या स्टेज, त्या २७ साठी बसवलेल्या आहेत. त्या नव्या जागेच्या मधोमध पीक कर (सिग्नल सगळ्यात जास्त येईल असं ट्यून कर), नाहीतर कान बहिरा अन् पॉवर अर्धी. पॉवर वाढवायच्या नादात नुसत्या मीटरकडे पाहून कॉइल पिळू नको, मीटरला हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल) अन् खरा सिग्नल सारखेच दिसतात. डमी लोडवर बोल अन् आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) बाजूला ठेवून २८ च्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे ५६ अन् ८४ च्या आसपास काय निघते ते पाहा. डोंगल थेट सेटला जोडू नको, जळेल.

एसएसबीला अजून एक. फ्रिक्वेन्सी १० पीपीएम (दहा लाखांत दहा) सरकली तरी २८ वर २८० हर्ट्झ होतात, आवाज डोनाल्ड डकसारखा. आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर क्रिस्टल कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून हा सेट घरीच ठेव. अँटेनाही बदलतो. २७.१ चा अर्धा-वेव्ह डायपोल साधारण ५.२८ मीटर, २८.५ ला ५.०२, जुनाच लावून एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळतो ते) न पाहता दाबलं तर फायनल ट्रान्झिस्टर जाईल.

चिपचा नंबर अन् ती दोन व्होल्टेज टाक इथे, बोर्डचा फोटोही टाक. मग पिना की क्रिस्टल ते ठरवू.