कान देऊन : पाऊस पावसासारखा का वाजत नाही?

रोजच्या आवाजांच्या रेकॉर्डिंगबद्दल गेल्या महिन्यात लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे, म्हणून पहिल्या पत्राला जागा जरा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : खिडकीत फोन ठेवून वीस मिनिटं पाऊस रेकॉर्ड केला. ऐकला तर जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या की यायचा तसा नुसता खरखराट. त्यात आवाज मध्येच बसतो, मध्येच उसळतो. फोन बिघडलाय की माझे कान?

उत्तर : दोन्ही ठणठणीत आहेत. दोन भानगडी एकत्र झाल्यात, आधी त्या सुट्या करू.

पहिली फोनची. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तेव्हा लाइनवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) एवढाच पट्टा जायचा, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढा पुरतो. आजच्या फोनचा माईक त्याहून पुष्कळ जास्त ऐकतो, पण त्याच्या मागे बसलेल्या सॉफ्टवेअरचा स्वभाव तोच राहिलाय. बोलणं कामाचं, बाकी कचरा. पंखा, पाऊस, पानांची सळसळ हे त्याच्या लेखी दाबून टाकायचे आवाज. शिवाय बाहेर शांत झालं की ते पातळी आपोआप वर चढवतं आणि काही जोरात वाजलं की खाली ओढतं. तुमचा पाऊस बसतो-उसळतो तो यामुळे. ही आपोआप पातळी आणि नॉइज कमी करण्याची सोय बंद करता येईल, आणि फाइल वेव्ह (WAV), म्हणजे आवाज न आवळता, स्वरूपात साठवेल, असं एखादं रेकॉर्डिंग ॲप शोधा. निम्मं दुखणं तिथेच जाईल.

दुसरी भानगड पावसाची. पडत्या थेंबाला हवेत असताना जवळजवळ आवाजच नसतो. वाजतं ते थेंब ज्यावर आपटतो ते. तुमच्या खिडकीतून पत्रा, पानं, रस्ता, गाड्यांचे टप, साचलेलं पाणी असं सगळं एकदम येतं, आणि लांबून येताना त्याचा लगदा होतो. खिडकीत उभं राहून ऐकताना मात्र तुम्हाला लगदा जाणवत नाही, कारण तुमचं मन कधी पत्र्यावर जातं, कधी पन्हळीवर. गर्दीत दहा जण बोलत असताना आपण एकाचंच बोलणं कसं पकडतो, यावर कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ साली प्रयोग प्रसिद्ध केले होते. ही निवड आपले दोन कान आणि मेंदू मिळून करतात. माईकला लक्ष नावाची गोष्टच नसते. तो समोर येईल ते सगळं सारख्याच इमानदारीने घेतो.

म्हणून निवड पायांनी करायची. उठायचं आणि जवळ जायचं. उघड्यावर एखाद्या लहानशा आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की तो सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि मागचा गोंगाट होता तेवढाच राहतो. हे काम कुठल्याही बटणाने होत नाही. मी ती बटणं वर्षभर फिरवून पाहिली आहेत.

गेल्या पावसात मी गळक्या पन्हळीखाली प्लॅस्टिकची बादली ठेवली आणि हातभर अंतरावर, आडोशाला रेकॉर्डर. आधी रिकाम्या तळावर कोरडा ‘टक्’. तळ ओला झाला तसा तो ‘टप्’ झाला, जरा चपटा. चार बोटं पाणी साचल्यावर एकदम गोल, घुमणारा ‘डुळुक’ सुरू झाला, पण प्रत्येक थेंबाला नाही. एक डुळुक, दोन मुके, परत डुळुक. याचं उत्तर केंब्रिज विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये मांडलं. अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्याखालचा माईक लावून त्यांनी पाहिलं, तर थेंब आपटण्याला स्वतःचा आवाज नाहीच म्हणा ना. थेंबामुळे पाण्याला खळगा पडतो, तो मिटताना खाली हवेचा इवलासा बुडबुडा अडकतो, तो थरथरतो आणि त्याच्याबरोबर वरचा पाण्याचा पृष्ठभागही. आपण ऐकतो तो डुळुक हा. बुडबुडा अडकला नाही की थेंब मुका. पाण्यात साबण घातला की पृष्ठताण बदलतो आणि आवाज थांबतो, असंही त्यांनी दाखवलं. मी लगेच भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब बादलीत सोडले. हेडफोनमध्ये बादली मुकी झाली! डोळ्यांसमोर थेंब पडत होते आणि कानात फक्त मागचा पाऊस. शेवटी बादली ओतून, विसळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मला डुळुक हवा होता.

तुम्हीही खिडकी सोडा आणि एकच वस्तू धरा. छत्री उघडून तिच्या आत फोन धरलात तरी फरक कळेल.

प्रश्न : पहिला रेकॉर्डर कोणता घेऊ? ३२ बिट फ्लोटवालाच घे, असं एक मित्र बजावतोय.

उत्तर : मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण छापून येईपर्यंत त्याचा धाकटा भाऊ बाजारात आलेला असतो. माहितीपत्रकात माईकची स्वतःची खरखर, म्हणजे सेल्फ नॉइज, किती दिलाय ते पाहा. रात्रीची शांतता, लांबचा पक्षी असलं नाजूक काम करायचं असेल तर तो १५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याखाली हवा. रस्ता, स्टेशन, शाळेची मधली सुट्टी यांना काहीही चालतं.

मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ३२ बिट फ्लोट म्हणजे अगदी हलका ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावेल अशी साठवण्याची पद्धत. तिच्यात पातळी आधी जुळवायची कटकट उरत नाही. अचानक वीज कडाडली तरी फाइलमधला आवाज फाटत नाही. पण माईकच आवाजाने गुदमरला असेल तर त्याला कोणतेही बिट वाचवत नाहीत. माझं निम्म्याहून जास्त काम साध्या २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर झालंय. पातळीचं सगळ्यात उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतो (शून्य म्हणजे फाइलची कमाल मर्यादा), म्हणजे वर जागा राहते. स्टीरिओला मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट लागतात, तासाला एक गिगाबाइटच्या किंचित वर. तेवढ्या हिशेबाने कार्ड घ्या.

आणि रेकॉर्डरच्या आधी कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. तो न लावता रेकॉर्डिंग करणं म्हणजे डोळे मिटून फोटो काढणं.

प्रश्न : गच्चीवर गेलं की नुसतं ‘भस्स भस्स’. माईकवर स्पंजची टोपी आहे तरी.

उत्तर : तो वाऱ्याचा आवाज नाही, वारा माईकच्या पडद्याला मारत असलेल्या थपडा आहेत. स्पंज तोंडाच्या फुंकरीपुरता ठीक. बाहेर लांब केसांची फर लागते, आणि फर व माईक यांच्यामध्ये थोडी मोकळी हवा लागते. केसांत शिरताना वारा मोडतो आणि आवाज मात्र आत जातो. माझी पहिली फर एका फाटक्या खेळण्यातल्या अस्वलाची होती. रेकॉर्डरवरचं, ८० हर्ट्झखालचे खर्जातले आवाज कापणारं बटण दाबा, पण पडदा आधीच थपडांनी आडवा झाला असेल तर नंतर कापायला काही उरत नाही. वाऱ्याकडे पाठ करून स्वतःच आडोसा व्हा. रेकॉर्डर हातात धरू नका, बोटं हललेली ऐकू येतात.

प्रश्न : माईक काढला की लोक बघतात, थांबतात, बोलायचे बंद होतात. लपवून रेकॉर्ड करणं बरोबर आहे का?

उत्तर : बाजाराचा किंवा फलाटाचा एकत्र कोलाहल ही एक गोष्ट, आणि बाकावर बसलेल्या दोघांचं बोलणं ही दुसरी. शब्द कळत असतील तर विचारायचं. नाही म्हणाले तर पुसायचं, त्यांच्यासमोर. मी लपवत नाही. माईक खाली ठेवतो, शेजारी बसतो आणि कंटाळलेला दिसतो. पाच मिनिटांत लोकांना माझाही कंटाळा येतो आणि बोलणी पुन्हा सुरू होतात. एकदा एक लहान मुलगी मात्र शेवटपर्यंत हलली नाही. “काय येतंय त्यात?” म्हणाली. हेडफोन तिच्या कानाला लावला तर ती स्वतःच्याच चपला घासत अर्धा तास तेच ऐकत बसली. माझ्या संग्रहात चपलांचं इतकं सविस्तर रेकॉर्डिंग दुसरं नाही.

प्रश्न : चारशेवर फाइली झाल्यात, सगळ्यांची नावं यंत्राने दिलेले आकडे. आवरायचं कसं?

उत्तर : आजपासून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला. तारीख, वेळ, जागा, माईक कशाकडे तोंड करून ठेवलाय ते. दहा सेकंदांचं काम. वहीत लिहीन म्हणणाऱ्यांची वही हरवते. आवाज फाइलला चिकटलेला राहतो. जुन्यांपैकी आठवतात तेवढ्यांना तारीख पुढे ठेवून नावं द्या आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. माझ्याकडे एक कॅसेट आहे. वर माझ्याच अक्षरात फक्त ‘सकाळ’ लिहिलंय. आत कोणीतरी झाडतंय, दार वाजतं, कडी पडते. मी तीन घरं बदलली. हे घर कुठलं, झाडणारं कोण, मला सांगता येत नाही.

प्रश्न : घरचे विचारतात, या सगळ्याचा उपयोग काय?

उत्तर : उपयोग नाही असं सांगा, वाद मिटतो.

तरी त्यांना हवंच असेल तर ऐकवा. १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांडीवर आपल्या पाळलेल्या शामा पक्ष्याचं गाणं टिपलं. पक्ष्याच्या आवाजाचं सर्वांत जुनं रेकॉर्डिंग म्हणून ते ओळखलं जातं. १९४८ मध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी पॅरिसच्या एका स्थानकात आगगाड्या रेकॉर्ड केल्या आणि त्यांतून संगीत रचलं. कॅनडात संगीतकार मरे शेफर (आडनावं सारखी वाटतात, माणसं वेगळी) आणि त्यांच्या विद्यापीठातल्या मंडळींनी व्हँकूव्हर शहराचे आवाज गोळा करून १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात बंदरावरचे भोंगेही होते.

माझं स्वतःचं उत्तर वेगळं आहे. तबकडीच्या फोनवर आकडा फिरवून बोट सोडलं की ती कर्रर्र करत परत यायची. सेकंदाला साधारण दहा ठोके. एकला एक, नऊला नऊ, आणि बहुतेक ठिकाणी शून्याला दहा. एक्स्चेंजमध्ये त्या प्रत्येक ठोक्याला लोखंडी निवडक (सिलेक्टर, म्हणजे लाइन निवडून जोडणारं यंत्र) एकेक पायरी चढायचा. अशा शेकडो निवडकांच्या मधे मी बसायचो, आणि सकाळी दहाला तो खडखडाट भरून आला की सहकाऱ्याशी खुणांनी बोलायचो. पुढे ती यंत्रं भंगारात गेली. त्या वर्षांत माझ्या घरी टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटही होत्या. मी एक मिनिटही टिपलं नाही. कारण तो आवाज होता कुठे? ते तर नुसतं ऑफिस होतं.

प्रश्न : घराची रात्रीची शांतता रेकॉर्ड करायची आहे, पण फ्रिजची घरघर येतेच.

उत्तर : फ्रिज बंद करा. आणि बंद करतानाच घराची चावी फ्रिजमध्ये ठेवा. ही चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. सकाळी चावी सापडली नाही की फ्रिज आठवतो. मी एकदा चावी खिशातच ठेवली होती.