डाळमिलच्या मालकाने स्वतःचं विमान घ्यावं का?

प्रश्न: मी लातूरला डाळमिल चालवतो. वय ४७. चांगल्या वर्षी कर जाऊन ३८ लाख हाती राहतात, वाईट वर्षी १५. मिलवर तीन कोटींची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेची उचल) आहे. मुलगी अकरावीत, तिला डॉक्टर व्हायचंय. हौसेने मी खासगी वैमानिकाचा परवाना काढला आहे. सध्या एका प्रशिक्षण संस्थेचं विमान तासाला १७,००० रुपये देऊन उडवतो; गेल्या वर्षी २८ तास झाले. औसा रस्त्यावरचा वडिलांच्या वेळचा प्लॉट नुकताच २ कोटी १० लाखांना विकला. २००६ सालचं सेस्ना १७२ एस हे चार खुर्च्यांचं छोटं विमान १ कोटी ४० लाखांना मिळतंय. आधी ते प्रशिक्षणासाठी वापरात होतं. वर २२ लाखांत ऑटोपायलट आणि नवे डिस्प्ले बसवून घेईन म्हणतो. मुंबई-हैदराबादच्या फेऱ्या होतील, घरच्या चौघांना तिरुपतीला नेता येईल, लग्नसराईत पुष्पवृष्टीची कामं घेतली तर थोडा खर्चही निघेल. विमान मिलच्या नावावर घेतलं तर करात सूट मिळेल असं एक जण म्हणाला. दोन वैमानिक मित्र भागीदारीला तयार आहेत, पण मला एकट्याचं हवंय. घेऊ का?

उत्तर: एकट्याने घेऊ नका. हे विमान या भावात तर भागीदारीतही घेऊ नका. चाळिशीनंतर मिल सांभाळून परवाना काढणाऱ्या माणसाची ही नुसती लहर नसते, हे मला कळतं. म्हणूनच हिशेब नीट मांडून दाखवतो.

आधी तुमच्या हातात नेमके किती पैसे आहेत ते पाहू. २ कोटी १० लाख हा आकडा तुम्ही मोकळा धरला आहे, पण त्यातला कर अजून जायचाय. प्लॉट वडिलांच्या वेळचा म्हणजे जवळजवळ सगळीच रक्कम नफा. तो १ कोटी ९० लाख धरला तर साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर, त्यावर अधिभार आणि उपकर मिळून साधारण २८ लाख होतात. महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना पर्याय तुम्हाला स्वस्त पडतो का, हे सीएकडून तपासून घ्या. विक्रीच्या तारखेपासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत करसवलतीच्या रोख्यांत घातले तर कर बराच खाली येईल, पण ते पैसे पाच वर्षं अडकतील. थोडक्यात, हाती १ कोटी ८२ लाख. त्यातून विमानाचे १ कोटी ४० लाख आणि उपकरणांचे २२ लाख गेले की उरतात २० लाख.

आता इंजिन. तुम्ही पाठवलेल्या लॉगबुकच्या (विमानाच्या नोंदवहीच्या) पानांवर शेवटचं ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, २०१३ सालचं आहे आणि त्यानंतर १,४५० तास झालेत. विकणारा म्हणतो, ‘अजून साडेपाचशे तास बाकी.’ तासांच्या हिशेबाने त्याचं खरं आहे. पण लायकमिंग कंपनीच्या या इंजिनाला ओव्हरहॉलसाठी दोन मर्यादा आहेत, २,००० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. १२ वर्षं उलटून गेली आहेत. हे इंजिन म्हणजे तुम्हाला आज ना उद्या येणारं बिल आहे. कारखान्यातून नव्याने बांधून आलेलं इंजिन, वाहतूक, कर आणि बसवणी मिळून मी ५२ लाख धरतो. हातातले २० लाख वजा केले तर ३२ लाख कमी पडतात, आणि विमानाने अजून एक उड्डाणही केलेलं नाही.

वर्षाच्या खर्चाचे आकडे तुम्ही जोडलेल्या कोटेशनांतले आहेत: विमा ३ लाख, हँगर २ लाख ४० हजार, देखभाल आणि उड्डाणयोग्यतेच्या कागदपत्रांचं कंत्राट ६ लाख, वार्षिक तपासणी व सुटे भाग ४ लाख, नकाशांचा डेटा वगैरे ६० हजार. बेरीज १६ लाख. यात इंजिनासाठी बाजूला ठेवायचे पैसे नाहीत. लोक ते तासावर काढतात. तुम्ही वर्षाला ६० तास उडवलं तरी २,००० तास व्हायला तेहतीस वर्षं लागतील, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षंच आधी भरणार. म्हणून ५२ लाख भागिले बारा, वर्षाला ४ लाख ३० हजार, विमान हँगरमध्ये उभं असलं तरी. शिवाय १ कोटी ४० लाख बँकेत असते तर सात टक्क्यांनी ९ लाख ८० हजार आले असते. सगळं मिळून वर्षाला ३० लाख १० हजार, एकही तास न उडवता.

उडवल्यावरचा खर्च त्या मानाने लहान आहे. ताशी ३५ लिटर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), लिटरला २५० रुपये धरू, म्हणजे ८,७५०. दर ५० तासांनी बदलायचं तेल, फिल्टर, टायर असं धरून ९,५००. तेव्हा ६० तास उडवलं तर तासाचा भाव पडतो साधारण ५९,७००, आणि गेल्या वर्षीसारखे २८ तासच झाले तर १ लाख १७ हजार. आज तुम्ही १७,००० देता. स्वतःचं विमान भाड्याच्या विमानाशी बरोबरीला यायला वर्षाला चारशे तास उडवावं लागेल. मिल सांभाळून, लातूरला राहून, पावसाळ्याचे चार महिने वजा जाता, हे कुणालाही जमणारं नाही.

‘स्वतःच्या हौसेला भाव लावायचा नसतो,’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. मान्य. पण बुडालेलं व्याज सोडलं तरी ६० तासांची ही हौस चांगल्या वर्षाच्या कमाईतून रोखीने २६ लाख नेते आणि वाईट वर्षी सगळी कमाई खाऊन वर अकरा लाख मागते. डाळीच्या धंद्यात वाईट वर्ष कसं येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. जानेवारीत मोंढ्यात तुरीची आवक सुरू होते तेव्हा रोख पैसा हातात लागतो, आणि कॅश क्रेडिटला तुमची वैयक्तिक हमी आहे. त्याच महिन्यात इंजिनाचं बिल आलं तर तुम्ही तूर कमी घ्याल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

कमाईच्या कल्पना इथेच सोडून द्या. खासगी वर्गात नोंदलेल्या विमानातून मोबदला घेऊन काम करता येत नाही. त्यासाठी डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा वेगळा परवाना आणि वेगळी यंत्रणा लागते, तुमच्या परवान्यावरही पैसे घेऊन उडता येत नाही. पुष्पवृष्टीसाठी कमी उंचीवरून उडणं आणि खाली काही टाकणं यांच्या परवानग्या आणखी वेगळ्या. अशा उड्डाणात काही झालं तर विमा कंपनी दावा नाकारेल आणि मांडवातल्या माणसांची जबाबदारी तुमच्या घरादारावर येईल.

मिलच्या नावावर घ्यायचा सल्लाही अर्धवट आहे. विमानावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट प्रवासी वा मालवाहतूक, उड्डाण प्रशिक्षण आणि विमानांचीच खरेदी-विक्री असे व्यवसाय सोडले तर मिळत नाही. घसारा मिळतो, पण धंद्यासाठी जितका वापर झाला तितकाच, आणि लॉगबुकात प्रत्येक उड्डाण तारखेसह लिहिलेलं असतं. तिरुपतीची फेरी धंद्याची आहे हे अधिकाऱ्याला पटवता येणार नाही. (नवं विमान आणायचा विचार आला तर ध्यानात ठेवा, वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे.)

तिरुपतीवरून आठवलं. १७२ ला चार खुर्च्या आहेत, पण टाक्या पूर्ण भरल्यावर माणसं आणि सामान मिळून साधारण २४५ किलोच उरतात, म्हणजे तीन मोठी माणसं आणि थोडं सामान. चौघं न्यायचे तर पेट्रोल कमी, आणि सहाशे किलोमीटरच्या वाटेत अ‍ॅव्हगॅस कुठे मिळणार हे आधी ठरवावं लागेल. त्यात आपला उन्हाळा. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंखांच्या दृष्टीने तुम्ही साडेपाच हजार फुटांवर उभे असता. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. अशा दुपारी घरच्यांना बसवून उडायचं नाही, पहाटेच निघायचं, हे ठरवूनच ठेवा. धंद्याच्या फेऱ्यांचंही तसंच. तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडायची परवानगी) नाही, म्हणजे दिवसा आणि स्वच्छ हवेतच उडायचं. मुंबईला दोन तासांत पोचाल, पण परतताना ढग आले तर मुक्काम. रात्रीची लातूर-मुंबई एक्स्प्रेस ठरलेल्या बैठकीसाठी जास्त खात्रीची आहे.

याच कारणाने २२ लाखांची उपकरणं आत्ता नकोत. ढगात उडायचा परवाना नसताना ढगात उडायची साधनं घेण्यात अर्थ नाही, शिवाय मोह होतो. बसवायचंच असेल तर प्रत्येक सिलिंडरचं तापमान दाखवणारा इंजिन मॉनिटर आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र आधी.

भागीदारीचं गणित वेगळं दिसतं. तिघांनी प्रत्येकी ६० तास उडवलं तर स्थिर खर्चाचा तुमचा वाटा वर्षाला १० लाख आणि तासाचा भाव २६,२०० पर्यंत येतो. वर्षाला १८० तास झाले की बारा वर्षांत इंजिनाचे २,००० तासही पुरे वापरून होतात. उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं. या लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, त्यावरचं तेल काही आठवड्यांत निथळून जातं आणि दमट हवेत गंज धरतो. तेव्हा तीन जणांनी वापरणं विमानासाठीही चांगलंच. भाड्यापेक्षा हे महागच, पण हव्या त्या सकाळी निघता येतं, त्याचे हे वरचे पैसे. ते द्यायला तुम्ही तयार असाल तर मी आडवा येणार नाही. करार मात्र लेखी हवा: दिवसांची वाटणी, नुकसान झाल्यास विम्याबाहेरची रक्कम कोण भरणार, कुणी बाहेर पडला किंवा वारला तर त्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा, इंजिनाच्या खात्यात दरमहा कोण किती टाकणार.

कुठलंही विमान पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याशी संबंध नसलेला परवानाधारक विमान देखभाल अभियंता सोबत न्या, दोन पैसे जास्त लागले तरी. प्रशिक्षणात वापरलेल्या १७२ मध्ये पुढच्या चाकावर आपटून उतरल्याच्या खुणा फायरवॉलवर सापडतात. इंजिनामागचा तो पत्रा सुरकुतलाय का, रिव्हेट हललेत का, टॉर्च लावून पाहायला सांगा. तेलाचा फिल्टर कापून, घडीचा कागद पसरून, धातूचे चमकते कण दिसतात का ते तुमच्या डोळ्यांनी पाहा. पंखाखालच्या नळीतून पेट्रोल काढा. अ‍ॅव्हगॅस निळसर असतं आणि तळाला पाण्याचा थेंब असेल तर वेगळा दिसतो. पाऊस उघड्यावर काढलेल्या विमानात तो हमखास मिळतो. शेपटीत साळुंकीची काटक्यांची घरटी सापडली तर विमान किती दिवस हललं नव्हतं तेही कळेल. लॉगबुकातली सलग पानं हवीत, मधली वर्षं गायब असतील तर तिथेच थांबा.

एक गोष्ट आजच करा. तुमचा मुदत विमा आणि वैयक्तिक अपघात विमा काढून वाचा. बहुतेक अपघात विम्यात तिकीट काढून प्रवास करणारा प्रवासी सोडून इतर उड्डाण वगळलेलं असतं. तुम्ही आत्ताही भाड्याचं विमान उडवता, म्हणजे हा धोका आजच आहे. कंपनीला लेखी कळवा, वाढीव हप्ता मागितला तर भरा.

पैशांची मांडणी अशी करू. कराचे २८ लाख वेगळ्या खात्यात. मुलीच्या शिक्षणासाठी ६० लाख; सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर त्यातले बरेच उरतील. एक पूर्ण हंगाम तूर घेता येईल इतके, म्हणजे ६० लाख, अल्पमुदतीच्या ठेवीत, मिलच्या खात्यापासून लांब. उरलेल्या ६२ लाखांतून वर्षाला १० लाख २० हजार काढून ६० तास भाड्याने उडवा. मित्रांनाही तेच करायला सांगा. टोकन दिलं नसेल तर देऊ नका. इंजिनाचं वय दाखवल्यावर विकणारा ९० लाखांच्या आत आला तरच पुढचं बोलणं, तेही तिघांच्या नावाने.

पुढच्या दिवाळीला तिघांच्या लॉगबुकातले तास मला कळवा. प्रत्येकाचे पन्नासच्या वर असतील तर कराराचा मसुदा घेऊन आपण बसू.