पुण्यात इंजिनिअरिंगला आलेय, पण कॉलेज अजून आपलं वाटत नाही. लोक म्हणतात ती कॉलेज लाइफ नक्की असते कुठे?

तू लिहिलंयस की छोट्या गावातून आलेयस, वर्गातल्या बहुतेकांचे ग्रुप आधीच ठरलेत, मेसला एकटीच जेवतेस आणि कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट अंगात घालून काहीच वाटत नाही. मी बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे, तुझ्याहून तीन वर्षं पुढे, म्हणून सरळ अगं-तुगं करते. गाव माझंही छोटंच आहे, मंगळवेढा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. वर्गात मैत्री होईल म्हणून थांबू नकोस. कॉलेजच्या नावानं जिथे काहीतरी उभं राहतंय तिथे जा आणि हातानं करायचं काम मागून घे. मला मैत्रिणी तिथे मिळाल्या आणि कॉलेजवर जीवही तिथेच जडला.

एफईच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गाचं मनावर घेऊ नकोस. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, कुणी ऑगस्टमध्ये येतं, कुणी सप्टेंबर उजाडल्यावर. नीट ओळखी होईपर्यंत इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा येऊन ठेपते. पुण्यातली मुलं अकरावी-बारावीपासूनच्या मित्रांना धरून असतात. तू नको म्हणून ते लांब राहतात असं नाही, त्यांना नव्या माणसाची गरज अजून पडलेली नसते. गरज पडेल अशा जागी आपण जायचं.

माझ्यासाठी ती जागा नाटकाची होती. पुण्यात मुलांचं आपल्या कॉलेजवर किती प्रेम असतं ते बघायचं असेल तर पुढच्या ऑगस्टमध्ये सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात जा. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेऱ्या तिथे चालतात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. लिहिणं, बसवणं, काम करणं, विंगेतलं सगळं बघणं, सारं मुलांकडे. प्राथमिक फेरीतून नऊ संघ अंतिम फेरीत जातात आणि त्या नवात यायला अख्ख्या पुण्यातली कॉलेजं वर्षभर जीव टाकत असतात. एक एकांकिका संपून दुसरीचा सेट लागेपर्यंत पडदा बंद असतो, तेव्हा प्रेक्षागृहात खरी मजा असते. मागच्या रांगेतून कुणीतरी गळा ताणून ओरडतं, "अरे आव्वाज कुणाचा!" आणि पन्नास-साठ जण एका दमात आपल्या कॉलेजचं नाव घेतात. लगेच बाल्कनीतून दुसऱ्या कॉलेजचं उत्तर येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो.

ज्या वास्तूत हे चालतं तिचं मूळही विद्यार्थ्यांतच आहे, हे मला फार आवडतं. भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था 1894 साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं स्टुडंट्स सोशल क्लब. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वीही पुण्यातली पोरं अभ्यासातून वेळ काढून नाटकापायी एकत्र येत होती.

आता माझं सांगते. प्रवेश उशिरा झाल्यामुळे एफईला पुरुषोत्तम हुकतं, जवळजवळ सगळ्याच इंजिनिअरिंगवाल्यांचं हुकतं. माझी सुरुवात फिरोदिया करंडकापासून झाली. ती स्पर्धा 1974 पासून चालू आहे आणि तिचा प्रकार वेगळा आहे. गोष्ट एकच, पण तिच्यात चित्र, नाच, वाद्य, रांगोळी, मूर्तिकाम असं जे जे कुणाला येतं ते सगळं रंगमंचावर गुंफायचं. त्यामुळे माणसं खूप लागतात. मला अभिनय करायचा नव्हता. वर्गात तोंड उघडलं की माझं "काय करायलायस" ऐकून दोघं-तिघं हसायचे, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. ऑडिशनच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मला स्टेजवर यायचं नाही, बाकी काहीही सांगा. वहीत काहीतरी टिपत बसलेल्या एका टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या ताईनं मान वर न करता विचारलं, "शिवता येतं का?" येत होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या मांडीवर काळ्या कापडाचा ढीग होता आणि दोन्ही बाजूंना दोन अनोळखी मुली सुईत दोरा ओवत बसल्या होत्या. कुणीही मला "तुझी हॉबी काय" असलं विचारलं नाही. कातर कुठे आहे आणि शिवण उसवतेय का, एवढंच बोलणं. त्या दोघी आज माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणी आहेत.

हे तुला मुद्दाम सविस्तर सांगतेय. नुसतं समोरासमोर बसून मैत्री करायची म्हटलं की आपल्यासारख्यांना सुचतच नाही काय बोलावं. हातात काम असलं की नजर कामावर राहते, गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही आणि बोलणं आपोआप फुटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जण घरच्या काळजीचं बोलते, दुसरी तिचं सांगते. सुई चालूच असते.

एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, पुरुषोत्तम आलं. आमची एकांकिका एका आडवळणाच्या एसटी स्टँडवर घडत होती आणि लेखक होता पुण्याशेजारच्या निगडीचा. संहिता चांगली होती, पण पात्रं पुस्तकातल्यासारखी बोलायची. एका तालमीत मी विंगेतून हळूच म्हटलं, "आमच्याकडं असं नाही म्हणत." दिग्दर्शकानं तालीम थांबवली आणि मला समोर बसवलं. पुढचा आठवडा रोज दोन तास मी सगळ्या नटांना आमच्याकडचं बोलणं शिकवत होते: कंडक्टर कसा खेकसतो, म्हातारी बाई अनोळखी पोराला कसं "बाळा" म्हणते, कुठे हेल काढायचा, कुठे शब्द गिळायचा. माझ्या बोलण्याला हसणाऱ्यांपैकी एक मुलगा त्या नाटकात होता. तो रोज रात्री फोन करून वाक्यं म्हणून दाखवायचा आणि "बरोबर जमतंय का?" विचारायचा. त्यानं कधी माफी मागितली नाही. मला ती नकोच होती.

माझं ठरलेलं काम मात्र प्रॉपर्टीचं, म्हणजे स्टेजवरच्या सामानाचं होतं. बाक, पत्र्याची पेटी, वेळापत्रकाचा फळा, चहाची किटली, सहा काचेचे ग्लास. मध्ये एक ब्लॅकआउट होता आणि तेवढ्यात स्टँडचं घर करायचं होतं. प्रेक्षकांना फक्त काळोख दिसतो. आत काय चाललेलं असतं बघ. चौघं जण पायात नुसते मोजे घालून, फळ्या वाजू नयेत म्हणून. जमिनीवर रेडियमचे नखाएवढे तुकडे चिकटवलेले, बाकाच्या चार पायांसाठी चार. दोघं बाक उचलतात, तिसरा फळा उलटा करतो, त्याच्या मागच्या बाजूला घराची खिडकी रंगवलेली. मी ग्लासांच्या ट्रेवर ओलं फडकं टाकून ट्रे छातीशी धरते, कारण काच किणकिणली तर संपलं. लाइट्सवाली वर बसून मनात आकडे मोजत असते. तिला आम्ही दिसत नाही, आम्हाला ती दिसत नाही. तिनं दिवा चढवला त्या क्षणी आम्ही विंगेत पोचलेले हवे. दोन महिने आम्ही हेच करत होतो, वर्गातली बाकं सरकवून, पंखे बंद करून. प्रयोगाच्या दिवशी ते अचूक झालं. विंगेत एकमेकांचे हात घट्ट धरून उभे होतो आणि चौघांचेही हात गार पडले होते. त्या दिवसापासून कॉलेज माझं झालं.

यातली गैरसोय लपवत नाही, कारण तुलाही ती येणार. होस्टेलचं गेट आठला बंद व्हायचं आणि तालीम तर सगळ्यांची लेक्चरं, प्रॅक्टिकलं संपल्यावर सुरू व्हायची. मुलं रात्री दहापर्यंत थांबायची, आम्ही होस्टेलच्या मुली अर्ध्यातून निघायचो. हा भेदभाव आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. आमच्या टीमनं त्यावर उपाय केला: मुलींचे प्रसंग आणि माझं सेट बदलणं रोज सुरुवातीलाच घ्यायचं, मग त्यासाठी नाटक उलटसुलट क्रमानं करावं लागलं तरी चालेल. प्रयोगाच्या आठवड्यात आमच्या सरांनी रेक्टरना पत्र दिलं आणि उशिराची परवानगी मिळाली. पत्र आधीच मागून ठेव, ऐनवेळी धावपळ होते. अटेंडन्सचंही तसंच. ज्या लेक्चरला बसणार नाहीस त्या सरांना आधी भेटून सांग, सबमिशनच्या आठवड्यात तेच आपल्याला सांभाळून घेतात.

आम्ही त्या वर्षी नवात आलो नाही. निकाल लागला तेव्हा सगळे एकत्रच होतो. यादीत आपलं नाव नाही हे कळल्यावर कुणी काही बोललंच नाही. मग सगळी गँग टिळक रोडला चहाला गेली, तिथे दिग्दर्शक रडला, आणि त्याला रडताना बघून आम्ही बाकीचेही. अंतिम फेरीला मात्र सगळे तिकिटं काढून गेलो आणि ज्या कॉलेजनं आम्हाला मागे टाकलं त्यांच्या प्रयोगाला उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेवढं चांगलं होतं ते. दुसऱ्याच्या कॉलेजसाठी मनापासून टाळी वाजवता येते हे मी तिथे शिकले. आपल्या कॉलेजचं प्रेम म्हणजे बाकीच्यांना तुच्छ लेखणं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही.

2022 साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुठल्याच संघाला द्यायचा नाही असं ठरवलं होतं. आमच्या सीनियर्सकडून त्या दिवसांबद्दल ऐकलंय. अजूनही तो विषय निघाला की तालमीच्या खोलीत दोन तट पडतात. मला तो निर्णय कठोर वाटतो. दर्जाचा आग्रह मान्य, पण त्या वर्षी जो संघ सगळ्यांत सरस होता त्याला करंडक मिळायला हवा होता. माझी लाइट्सवाली मैत्रीण बरोबर उलट म्हणते. या एका गोष्टीवर आम्ही तासन्तास भांडलोय, आणि असं भांडता येईल असं माणूस मिळणं हेही मला कॉलेजनंच दिलंय.

मैत्रीचं अजून एक सांगते. टीईला ओरल्सच्या आदल्या आठवड्यात घरून फोन आला की आजी गेली. रात्रीचे नऊ वाजले होते. लाइट्सवाली गाडीवरून मला स्वारगेटला घेऊन आली, पंढरपूरची एसटी लागेपर्यंत थांबली, वडापावची पुडी हातात कोंबली. चार दिवसांनी परत आले तर माझ्या टेबलावर माझ्या दोन्ही विषयांच्या फाइली पूर्ण करून ठेवलेल्या. आकृत्या एकीच्या हातच्या, अक्षर दुसरीचं. शिवायला बसलेल्या त्याच दोघी. सरांनी वेगवेगळी अक्षरं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

तुला नाटकच आवडलं पाहिजे असं काही नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांना हेच सगळं बाहाच्या, म्हणजे मुलांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धेच्या गॅरेजमध्ये मिळालं, ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन ती मेसला यायची आणि गाडीशिवाय दुसरं बोलायची नाहीत. माझी रूममेट एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात गेली ती बंधारा बांधून आणि एक नवी मैत्रीण घेऊन आली. ढोल-ताशा पथकातही खूप जण रमतात, पण तिथे सगळ्या कॉलेजांची मुलं असतात, कॉलेजचं म्हणून काही वाटायला त्याचा उपयोग कमी. फेस्टच्या कमिटीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिथे स्पॉन्सरच्या मागे पळण्यात सगळा वेळ जातो आणि फेस्ट संपला की ग्रुपही विरतो. निदान आमच्याकडे असंच झालेलं पाहिलंय. तुझ्या कॉलेजात वेगळं असू शकतं.

रोज जावं लागेल असं काहीतरी निवड. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या क्लबात ओळखी होतात, त्याच्या पुढे गाडी सरकत नाही. आणि पहिले दोन आठवडे नुसतं झाडून काढायचं, खुर्च्या लावायच्या, चहा आणायचा असंच काम मिळेल. ते कर. सीनियर्स तुझी परीक्षा बघत नसतात, खोली झाडायची असते म्हणून सांगतात. पण कोण रोज येतं हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. कुणी त्या नावाखाली त्रास द्यायला, अपमान करायला लागलं तर मात्र तिथे एक दिवसही थांबू नकोस, सरळ सरांना सांग.

फिरोदियाची जुळवाजुळव बहुतेक कॉलेजांत एंडसेमच्या, म्हणजे सेमिस्टरअखेरच्या परीक्षेच्या आसपास सुरू होते. आर्ट सर्कलची, म्हणजे कॉलेजच्या कलामंडळाची नोटीस बोर्डावर लागते, हल्ली इन्स्टावर आधी येते, तेव्हा तुमच्या कॉलेजच्या ग्रुपचं अकाउंट आजच शोधून ठेव. ऑडिशनला अभिनय येत नाही म्हणून दारातून परत फिरू नकोस. आत जा आणि बॅकस्टेजला नाव दे. शिवणं, रंगवणं, वायर जोडणं, हिशेब ठेवणं, यातलं जे येत असेल ते स्पष्ट सांग. काहीच येत नसेल तर तसंही सांग, सामान उचलायला माणसं नेहमीच कमी पडतात.